मिठाचा मापारी

घाटंजीच्या धर्मकाट्यावर रात्रपाळीत
मी सहावा खंड वाचतो आहे.
बाहेर जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या.
एका गाडीपासून दुसरीपर्यंत साधारण अडीच पानं होतात.

राजे, व्याल, सात किल्ले, जळती गलबतं,
सगळं आहे, आणि चांगलंच आहे.
हारून पावती घेताना खिडकीतून डोकावतो,
'कुठलोक आला तुया तो उडता साप?'
खिंडीपर्यंत, मी सांगतो.
खरं तर मी सापाची वाट पाहत नाही.

पहिल्या खंडात, सत्त्याऐंशीव्या पानावर
फौज वेशीतून बाहेर पडते.
नगाऱ्यांवर चार पानं खर्च झाल्यावर
एक माणूस मान वर करतो, बघतो, पुन्हा खाली घालतो.
ओरव. मिठाचा मापारी.
बस. घोड्यांनाही याहून जास्त ओळी आहेत.

दुसऱ्या खंडात दोनदा.
एकदा बायको म्हणते, हल्ली तुझा हात सैल झालाय.
एकदा एक म्हातारी पदरात मीठ घेते
आणि पदराची गाठ बसत नाही.
तिसऱ्यात सहाशे पानांमध्ये एकच वाक्य:
त्याही वर्षी कोठारात मीठ कमी भरलं.
राजाने चोर शोधायला माणसं नेमली,
आणि गोष्ट पुन्हा लढाईवर गेली.

मी नाही गेलो.
रोज सकाळी काट्याचं शून्य तपासणाऱ्या माणसाला
जे कळतं, ते प्रधानाला कळलं नाही.
चोरी नव्हतीच. वजन वाढत होतं.
पारड्यातला तो काळा दगड, ओरवच्या पणज्यापासूनचा,
दर साली चिमूटभर जड होत होता
आणि नगराला चिमूटभर मीठ जास्त जात होतं.
जास्त मिळाल्याची तक्रार कोण करतं?

वाटलं, हे जगात मला एकट्यालाच सुचलं.
मग मागे जाऊन दुसरा खंड पुन्हा उघडला.
म्हातारीच्या पदराशी, समासात, फिकट पेन्सिलीने:
'वजन?'
माझ्याआधी अख्खा एक खंड.
वाचनालयाच्या कार्डावर एकच नाव,
मंदाकिनी उईके, परिचारिका. ग्रंथपाल म्हणाले,
झरीला बदली झाली, चौथा खंड घाईत परत केला.
चौथ्यात तिच्या खुणा दोनशे बाराव्या पानावर थांबतात.
ओरव येतो दोनशे एकोणीसवर.

सात पानं.
तिला कोणी सांगितलं असेल का,
की रात्री त्याने दगडाला कान लावला
आणि दगड ऊन होता?

कापसाची गंजी अशीच असते.
वरून हात फिरवा, गार.
पोटात मात्र कधीची ऊब धरलेली.
पाचव्या खंडापर्यंत लेखकाने त्या दगडाला नुसतं पडू दिलं.
वरून माणसं मेली, मुकुट फिरले,
आणि तो तिथेच, पारड्यात, मीठ तोलत.
लोक याला पाल्हाळ म्हणतील. म्हणोत.

आत काय आहे ते मला कळलंय, तुम्हालाही कळलं असेल.
ओरवलाही.
तरी तो सकाळी दगड पुसतो, पारड्यात ठेवतो,
म्हणतो, पुढे या.
अंडं फुटू नये असं मला वाटतं
आणि पानं तर उलटतोच आहे.

एकच चूक राहिलीय लेखकाची:
तोलताना ओरव श्वास सोडतो.
मापारी श्वास धरतो, काटा थांबेपर्यंत.
मी समासात तसं लिहिलं. पेनने.
झरीहून कोणी कधी परत आलंच, तर दिसेल.

साडेपाच वाजता शेवटची गाडी उतरली.
फळीवर सरकीची चार बोंडकं, दव,
बाकी काही नाही.
आकडा म्हणतो, पाच किलो.
शून्याच्या बटणावर बोट ठेवलं होतं.
दाबलं नाही लगेच.